काकूंनी खोट्या ठरवलेल्या कादंबऱ्या

काकू कादंबरी शेवटच्या पानापासून वाचायच्या. पुस्तक हातात पडलं की आधी ते मागून उघडायचं, शेवटची दोन पानं वाचायची, "हं" म्हणायचं आणि मगच पहिल्या प्रकरणाला हात घालायचा. मी एकदा धीर करून विचारलं, "काकू, मग पुढे वाचण्यात मजा काय राहिली?"

"मजा कोणाला हवीय?" त्या म्हणाल्या. "शेवट ठाऊक असला की लिहिणारा कुठून खोटं बोलायला लागला ते बरोबर सापडतं."

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. वडील गेल्यावर मुंबईचं बिऱ्हाड मोडलं आणि श्रीवर्धनला मुलींच्या शाळेत इंग्रजी आणि शिवण शिकवायची नोकरी मिळाली म्हणून मी आले. माझं सगळं शिक्षण मिशनच्या शाळेत, इंग्रजीत झालेलं. मराठी घरात बोलायची, वाचायची मात्र अडखळत. आगबोट लांब उभी राहिली, पडावातून किनाऱ्याला आले तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली होती, आणि तशीच मी काकूंच्या मागच्या पडवीत जाऊन उभी राहिले. काकू पोफळीच्या वाळत्या सुपाऱ्यांत बसल्या होत्या. तांबडं आलवण, डोक्यावरून घेतलेला पदर, आणि तो वाऱ्याने जरा सरकल्यावर दिसलेलं तुळतुळीत डोकं. अशा बायका मी देवळांबाहेर पाहिल्या होत्या. अशा एकीच्या घरात राहायचं आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या तोंडावर ते दिसलं असावं.

"घाबरलीस?" काकू म्हणाल्या. "केस नाहीत म्हणून चावत नाही हो मी कुणाला."

दर पंधरा दिवसांनी न्हावी मागच्या दाराने यायचा. त्या दिवशी मी मुद्दाम उशिरा घरी यायची. काकूंना ते कळत होतं. त्या दिवशी त्या माझ्यासाठी जेवण झाकून ठेवायच्या.

घर काकूंचं नव्हतं. पुढच्या घरात त्यांचे दीर राहायचे, आणि वाडी, विहीर, मागची पडवी सगळं त्यांचं. काकूंचा नवरा पंचवीस वर्षांपूर्वी सुपारीचा माल घेऊन मचव्यातून मुंबईला निघाला होता. वाटेत मचवा बुडाला आणि त्याचा देह मिळाला नाही, एवढं मला गावातून कळलं होतं. दीर गावच्या वाचनालयाचे चिटणीस होते. उंच, पांढऱ्या मिशांचे, बोलताना समोरच्याकडे न पाहता त्याच्या डोक्यावरून बघणारे. वाचनालयात बायका जात नसत. मी शिक्षिका म्हणून मला सभासद करून घेतलं, तेही मी कपाटाशी न जाता चिठ्ठी पाठवून पुस्तक मागवायचं, या अटीवर. काकूंच्या बाबतीत तर त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"आमच्या वहिनींना पोथी चालेल. कादंबरी नको. तसलं वाचून त्यांना आता काय मिळायचंय? त्यांच्या हातात कादंबरी दिसली, तर ही भाड्याची खोली मी ठेवणार नाही, आणि त्यांचं वाचणंही बंद."

माझी खोली गेली असती तर गावात दुसरी मिळाली असती. काकूंना मात्र पुस्तक मिळायला दुसरी वाट नव्हती. म्हणून मी, जिला वर्गातल्या मुलींनासुद्धा मोठ्याने रागावता येत नसे, वर्षभर चोरून कादंबऱ्या आणत राहिले. पिशवीत खाली पुस्तक, वर मुलींच्या शिवणाची फडकी.

दुपारी पडवीत सुपाऱ्या सोलायचं काम चाले. त्याला भागी यायची, कोळीवाड्याच्या पलीकडे राहणारी, काकूंच्याच वयाची. तिला अक्षर येत नव्हतं. काकू मांडीवर पुस्तक, पुस्तकावर पोथीचं फडकं अशा थाटात वाचायच्या आणि मधे मधे भागीला गोष्ट सांगायच्या.

"त्याने तिला सोडली," काकू म्हणायच्या.

"मुडदा बशिवला त्याचा! पोटुशी हाय ना ती?"

"आहे. पण त्याला ठाऊक नाही."

"मंग सांगत का न्हाय ती? तोंड शिवलंय काय?"

"सांगितलं असतं तर पुस्तक साठ पानांत संपलं असतं. लिहिणाऱ्याला तीनशे भरायची आहेत."

काकूंचं कादंबरीवरचं बोलणं हे असं. विरहाने झुरणारी नायिका चार दिवस जेवली नाही असं आलं की त्या विचारायच्या, "आणि घरातला स्वैपाक कोणी केला?" मरणाच्या दारातून कुणी वीस पानांचं पत्र लिहिलं की, "इतका कागद आला कुठून? आणि दौत कोणी धरली?" एका पुस्तकात विधवा झालेली मुलगी चांदण्यात पांढरं पातळ नेसून फिरते आणि तिचे मोकळे केस वाऱ्यावर उडतात, असं वर्णन होतं. काकूंनी ते मला दोनदा वाचायला लावलं. मग पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "ह्याच्या घरात कोणी विधवा असेल, पण त्याने तिच्याकडे पाहिलेलं नाही."

मला ते ऐकून कसंतरी झालं. हसावं की मान खाली घालावी हे कळेना. भागी मात्र खदाखदा हसली. "पाहिलं न्हाय म्हून तर लिवलं!" ती म्हणाली.

माझ्या ट्रंकेत चार इंग्रजी कादंबऱ्या होत्या. त्या मी पावसाळ्यात काकूंना मराठीत सांगत असे. गोऱ्या मुली, मोठी घरं, माडीवर कोंडलेली माणसं, उघडकीला आलेली जुनी लग्नं. काकू लक्ष देऊन ऐकायच्या. "म्हणजे तिकडेही लपवतातच," एवढंच म्हणायच्या. मग थोड्या वेळाने, "पण त्यांचं शेवटी उघडं पडतं. हे बरं आहे त्यांचं."

वाचताना त्या समासात लिहायच्या. बोटभर पेन्सिलीने आधी समासभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली न उचलता सरसर वळणं काढत जायची. मोडी होती ती. वडिलांच्या जुन्या कागदांत मी ती पाहिली होती, वाचता येत नव्हती. काय लिहिता म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "कुठवर आले त्याची खूण." भिडस्त माणसाचं समाधान पहिल्या उत्तरावर होतं. इतर सभासदही पुस्तकांत रेघा मारत. कादंबऱ्या नेत ते गावातले तरुण, आणि त्यांनाही माझ्यासारखी मोडी येत नसे. कुणी काही म्हणालं नाही.

एक गोष्ट मात्र मी तेव्हा पूर्ण चुकीची समजले. काकू स्वतःहून पुस्तक मागत नसत, जे आणीन ते वाचत. पण दर दोन-तीन महिन्यांनी, माझ्याकडे न पाहता, विचारायच्या, "हरवलेला माणूस परत येतो, असं एखादं आहे का गो तिथे?" मी चिठ्ठीत तसं लिहायची आणि वाचनालयाचा शिपाई पुस्तक काढून द्यायचा. अशा कादंबऱ्या तेव्हा पुष्कळ होत्या. कुणी जहाजावरून, कुणी लढाईवरून, कुणी संन्यासी होऊन परत यायचा. आपल्या माणसाला बायको दारातच ओळखायची, हातातलं तबक पडायचं, मग मिठी, मग अश्रू. मला वाटायचं, देह सापडला नाही म्हणून काकूंना अजून आशा आहे. मला त्यांची फार दया यायची. सगळ्यांत जाड, सगळ्यांत गोड शेवटाची पुस्तकं मी त्यांच्यासाठी चिठ्ठीत लिहून मागवायची. त्या ती वाचायच्या, समासात इतर पुस्तकांपेक्षा जास्त लिहायच्या आणि पुस्तक माझ्याकडे सारत म्हणायच्या, "खोटं."

वैशाखात वाचनालयाची पुस्तकं उन्हात घालायची पद्धत होती. पावसाळ्यात बुरशी आणि कसर लागू नये म्हणून सगळी कपाटं रिकामी करून अंगणात चटयांवर पुस्तकं उघडी मांडायची, एक दिवस एक बाजू, दुसऱ्या दिवशी दुसरी. ते काम चिटणीस स्वतः करायचे. पानं उलटायची, झटकायची, परत उन्हात ठेवायची. वर्षभर जे कादंबरीला हात लावत नसत, ते त्या दोन दिवसांत प्रत्येक कादंबरीचं प्रत्येक पान उलटत. आणि त्यांच्या पिढीच्या सगळ्या पुरुषांसारखी त्यांना मोडी येत होती. हे माझ्या डोक्यात वर्षभरात एकदाही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते मागच्या पडवीत आले. मी तिथे राहायला आल्यापासून ते मागच्या बाजूला कधी आले नव्हते. खांद्यावर पंचा, दोन्ही हातांत पुस्तकांची चळत, हनुवटीने वरचं पुस्तक दाबून धरलेलं. अकरा पुस्तकं होती. त्यांनी ती सुपाऱ्यांच्या सुपाशेजारी ठेवली. भागी न सांगता उठली आणि वाडीत निघून गेली.

 आता खोली गेली, आणि माझ्यामुळे काकूंची पुस्तकं गेली, एवढंच मला कळत होतं. मी म्हणाले, "चूक माझी आहे. मीच आणून देत होते."

त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. वरचं पुस्तक उघडून काकूंसमोर धरलं. बोट समासावर होतं.

"वहिनी, हे अक्षर दादाच्या वळणाचं आहे."

"त्यानेच शिकवलंय," काकू म्हणाल्या. "मुंबईला जायचा तेव्हा मी पत्र लिहावं म्हणून."

"हे काय लिहिलंय तुम्ही?"

"वाचलंत ना?"

"तुमच्या तोंडून ऐकायचंय."

काकूंनी हातातली सुपारी सोलून सुपात टाकली. मग बोलल्या. त्यांचा आवाज भागीला गोष्ट सांगताना असायचा तसाच होता, ना उंच ना खाली.

"मोठी लढाई संपली त्याच्या दोन वर्षांनंतर. आश्विन होता. दुपारी मी इथेच होते, भागी बाजाराला गेली होती. वाडीच्या बेड्याची आडवी काठी सरकवून एक माणूस आत आला. दाढी वाढलेली, पायात बूट, काखेत वळकटी. इथे पायरीशी उभा राहिला. मी ओळखलं. त्यानेही ओळखलं. माझ्या तोंडाकडे त्याने एकदाच पाहिलं, मग डोक्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, 'बाई, घर चुकलो.'"

चिटणीस खाली बसले. खाली बसले म्हणजे पायरीवर, आपल्याच घराच्या पायरीवर, परक्यासारखे.

"मी पाणी दिलं, गुळाचा खडा दिला," काकू म्हणाल्या. "पाणी प्यायला आणि तांब्या उपडा घातला. त्याची तीच सवय. मी म्हटलं, 'होतं असं. सगळी बेडी सारखीच दिसतात.' मग गेला."

मी भिंतीला टेकून उभी होते. कादंबऱ्यांत असं काही घडलं की माणसं किंचाळतात, कोसळतात. मला नुसती तहान लागली होती.

"हाक का नाही मारलीत?" चिटणीस म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. "मी पुढच्या घरात होतो वहिनी! वीस पावलांवर! माझा सख्खा भाऊ दारात आला आणि तुम्ही..."

"हाक मारून काय सांगायचं होतं, भाऊजी? तुम्ही न्हाव्याला परत बोलावून केस लावून देणार होतात?"

त्यांनी मान खाली घातली.  मग ते माझ्याकडे वळले. का, ते मला आजही कळत नाही. कदाचित तिथे मीच एक परकी होते म्हणून.

"देह मिळाला नाही, तर बारा वर्षं वाट बघायची असते, मास्तरीणबाई," ते म्हणाले. "शास्त्रात आहे. आम्ही दोन महिने पाहिली. माझं लग्न ठरलं होतं. सुतक धड धरता येत नव्हतं, धड संपतही नव्हतं. मग पळसाच्या पानांचा दादा केला आणि त्याला अग्नी दिला. मचवा हाकणारा तांडेल वाचला होता, तो म्हणाला होता की त्याने दादाला बुडताना पाहिलं. आम्हाला ते ऐकायचंच होतं. न्हाव्याला बोलवायला मी स्वतः गेलो. बावीस वर्षांचा होतो मी. वहिनी चोवीसच्या."

"तेवीसच्या," काकू म्हणाल्या.

आम्ही तिघं तिथे होतो आणि मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती. मी वर्षभर मुद्दाम मागवून आणलेली ती पुस्तकं, पडणारी तबकं, मिठ्या आणि अश्रू. ती मी ह्या बाईपुढे आणून ठेवत होते, आशा म्हणून.

चिटणिसांनी पंच्याने तोंड पुसलं. उठून उभे राहिले तेव्हा ते पुन्हा चिटणीस झाले होते, माझ्या डोक्यावरून बघणारे.

"मोडी वाचणारी आणखी दहा-पंधरा माणसं गावात आहेत," ते म्हणाले. "पुस्तकं उद्या कपाटात गेली पाहिजेत. हे गावात फुटलं तर जित्या माणसाच्या बायकोचं वपन केलं, असं होईल. मग प्रायश्चित्तं, मग वर्तमानपत्रं. ह्या घरात मग कुणालाच राहता येणार नाही. तुम्हालाही नाही, वहिनी. मास्तरीणबाई, तुमच्याकडे रबर असेल. हे सगळं खोडून द्या. खोडलंत तर मी काही पाहिलं नाही. तुमची खोली, यांची पुस्तकं, जसं आहे तसं राहील."

मी काकूंकडे पाहिलं. मला वाटलं त्या नाही म्हणतील. त्या नाही म्हणाल्या असत्या तर मीही म्हणाले असते, असं मी आज लिहिते. खरं मला माहीत नाही.

"आण गो रबर," काकू म्हणाल्या. "पण असं नाही खोडायचं. काय खोडतेस ते तुला ठाऊक नाही. मी आधी वाचते, मग तू खोड. आणि भाऊजी, तुम्ही बसा. अकराही होईपर्यंत बसायचं. नाहीतर मी आत्ता उठते आणि हे पुस्तक घेऊन बाजारात जाते."

ते बसले.

मी खोलीतून रबर आणलं. मुलींच्या भूमितीच्या वह्यांसाठी आणलेलं होतं, नवंकोरं. काकूंनी पहिलं पुस्तक उघडलं आणि समासावर बोट ठेवून वाचायला लागल्या.

"पान चाळीस. तबक पडतं, असं लिहिलंय. तबक पडत नाही. हातात असतं ते माणूस घट्ट धरतो." त्यांनी पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. मी खोडलं. कागद पातळ होता, जोर लावता येत नव्हता.

"पान एकशेबारा. तो विचारतो, माझी वाट पाहिलीस का. हे खोटं. तो काही विचारत नाही. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं." मी खोडलं.

"इथे ती म्हणते, कुठे होतात इतकी वर्षं. मीही विचारलं नाही. दुसरी केली का, मुलं आहेत का, मचव्यातून कसा वाचला, का लपला. कादंबरीत विचारतात. समोर माणूस उभा असला की इतकं सुचत नाही." खोडलं.

"ह्या पुस्तकात ती दुःखाने मरते. मरत नाही. दुसऱ्या दिवशी ऊन पडतं आणि सुपाऱ्या वाळत घालायला लागतात."

एका ठिकाणी त्यांनी आधीच्या वाक्यापेक्षा वेगळं काहीतरी वाचलं, फार हळू, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाबद्दल. तिथे चिटणिसांनी तोंड वळवलं आणि माझे कान तापले. ते मी इथे लिहिणार नाही. इतकंच सांगते की एवढं प्रेम मी कुठल्याही छापील पुस्तकात वाचलेलं नाही, आणि तेही मी माझ्या हाताने खोडलं.

उन्हं खाली आली. रबराचा चुरा माझ्या मांडीवर, साडीच्या चुण्यांत, सुपात. चार पुस्तकं झाली, पाच झाली.  सहाव्या पुस्तकाला चिटणिसांनी एकदम हात पुढे केला, जणू थांबवायचं आहे, आणि तो तसाच गुडघ्यावर ठेवला.

"वहिनी," ते म्हणाले. "माझ्याबद्दल काही बोलला का तो? माझं नाव काढलं?"

काकूंनी पुस्तकातून वर पाहिलं. त्या हो म्हणाल्या असत्या तर कुणाचं काही बिघडलं नसतं. समोर एक म्हातारा होत आलेला माणूस बसला होता आणि त्याला एक शब्द पुरला असता. मी मनातल्या मनात त्यांना म्हणत होते, काकू, हो म्हणा.

"नाही," काकू म्हणाल्या. मग त्यांनी पान उलटलं, बोट समासावर ठेवलं आणि पुढचं वाचायला लागल्या.